वीस बाय तीस

"रोहिणीताई, ह्या पोरीला तोंडच नाही," राजवर्धन म्हणाला.

त्यानं ते टोचून म्हटलं नव्हतं. पुण्याहून छापून आलेली गुंडाळी त्यानं दुकानाच्या लांब टेबलावर पसरली होती. कागद सारखा वळत होता म्हणून कोपऱ्यांवर हाताला येईल ते ठेवलं होतं, स्टेपलर, डिंकाची बाटली, लग्नपत्रिकांच्या नमुन्यांचा अल्बम, आणि चौथ्या कोपऱ्यावर स्वतःचा तळवा. त्याच तळव्याच्या वर, चित्राच्या डाव्या कडेला, मेंढरांच्या मागं ती पोर उभी होती. लाल परकर, काखेत कोकरू, आणि मानेच्या वर एक तपकिरी लंबगोल. त्यात डोळे नव्हते, नाक नव्हतं, काहीच नव्हतं. रोहिणीनं खाली वाकून पाहिलं. हे चित्र तिनंच काढलं होतं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, डबा लवकर संपवून, माउसनं, एकेक रेघ ओढत. पडद्यावर ते वहीच्या पानाएवढं दिसायचं आणि पोरीचं तोंड ज्वारीच्या दाण्याएवढं. दाण्याला कोण नाकडोळे काढतं?

बारामतीच्या एस.टी. स्टँडमागच्या गल्लीत राजवर्धनचं डी.टी.पी.चं दुकान होतं. लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाची पोस्टरं, सोसायट्यांच्या निवडणुका लागल्या की पॅनलची पत्रकं. रोहिणी तिथं टायपिंगला लागली आणि हळूहळू सगळंच करायला लागली. राजवर्धन तिच्यापेक्षा वयानं लहान, उसाच्या घरातला, पण त्याला शेतापेक्षा मशीन आवडायची. त्याचा चुलतभाऊ अमेरिकेत होता. त्यानं तिकडं इंटरनेटवर चित्रांचं दुकान काढलं होतं. माणसं घरी बसून चित्र बघणार, माप निवडणार, आणि त्याच मापाचं चित्र छापून त्यांच्या घरी जाणार. राजवर्धननं एका रविवारी फोनची तार कॉम्प्युटरला जोडून रोहिणीच्या मेंढरांचं चित्र त्याला सहज पाठवलं, आणि उलट निरोप आला की हे पाहिजे. पाच मापांत पाहिजे. चार बाय सहा, आठ बाय दहा, अकरा बाय चौदा, सोळा बाय वीस आणि वीस बाय तीस, सगळी इंचांत. सीडीवर भरून कुरियरनं पाठवा, आणि काढणाऱ्याचं नाव कळवा, चित्राखाली टाकायला. नावाचं ऐकून रोहिणीला दिवसभर गरम झाल्यासारखं वाटत राहिलं होतं. आजवर तिनं हजारो नावं टाईप केली होती. नवरदेवांची, उमेदवारांची, स्वर्गवासी झालेल्यांची. तिचं स्वतःचं नाव कुठल्याच कागदावर छापलं गेलं नव्हतं.

"बाकीच्यांची तोंडं चालतात," राजवर्धन म्हणाला. "हा बाबा आडवा चाललाय, मुंडाशाखाली सावली आहे. ही बाई पदर ओढून चाललीय. ही एकटीच आपल्याकडं बघतीय, आणि बघायला हिला डोळे नाहीत. लहान मापात नाही कळणार कुणाला. पण वीस बाय तीस भिंतीवर लागलं तर भीती वाटंल हो माणसाला."

"करते," रोहिणी म्हणाली.

खुर्चीवर बसून तिनं फाईल उघडली आणि त्या लंबगोलावर नेऊन चित्र मोठं करत गेली. ह्या प्रोग्रॅमची हीच गंमत होती, कितीही मोठं करा, रेघ फाटत नाही, रंग विस्कटत नाही. पण जे काढलेलंच नाही ते मोठं केल्यानं येत नाही. सगळा पडदा तपकिरी झाला. मळ्यातल्या ओल्या मातीसारखा. तिनं एक डोळा काढला. मग दुसरा. भुवया. एक कुणीतरी मुलगी तयार झाली, पाठ्यपुस्तकातल्या चित्रात असते तशी, गुबगुबीत आणि हसरी. रोहिणीनं ती पुसली. सडपातळ काढली. तीही कुणाचीच नव्हती. तेव्हा कुठं तिनं स्वतःशी कबूल केलं की आपण कुणीतरी मुलगी काढतच नव्हतो. ती झुंबर होती. आपण काढायला बसलो तेव्हापासून ती झुंबरच होती, लाल परकर झुंबरचा होता, तो फाटल्यावर त्याची दोन फडकी झाली होती आणि त्यातलं एक रोहिणीच्या डोक्याला बांधलेलं होतं. परकर आठवत होता. पायातले वाळे आठवत होते, त्यांचा आवाजसुद्धा. वेणी आठवत होती, तिचं टोक कसं उन्हानं भुरं झालेलं ते. फक्त तोंड आठवत नव्हतं. फोटो नव्हता. मेंढरांमागं फिरणाऱ्या माणसांचे फोटो कोण काढणार होतं?

झुंबर तिची थोरली बहीण. दरवर्षी दिवाळीनंतर निमगाव केतकीहून मेंढरं घेऊन दोघींचे वडील, आबा, कोकणाकडं उतरायचे आणि उन्हाळ्याच्या शेवटी परत यायचे. सगळं बिऱ्हाड घोड्यावर, त्या बिऱ्हाडाच्या वर कोंबड्या, आणि कोंबड्यांबरोबर बांधलेली लहानगी रोहिणी. अशाच एका परतीच्या वाटेवर, इंदापूरच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यावर झुंबर ट्रकखाली गेली. रोहिणीला एवढंच माहीत होतं. 'गाडीखाली गेली,' असं बायका हळू आवाजात म्हणायच्या, आणि ती जवळ आली की गप्प व्हायच्या. घरात तर ते नाव कुणी घेतच नसे. पुढच्याच वर्षी आबांनी मेंढरं विकली, जमिनीचा तुकडा घेतला, आणि रोहिणी शाळेत गेली. हे तिला नेहमी असं सलग आठवायचं, एकामागून एक, गाडी, मेंढरं विकली, शाळा. मग टायपिंगची परीक्षा, मग लग्न, मग बारामती, मग ही फिरती खुर्ची. झुंबर असती तर मेंढरं असती. मेंढरं असती तर आपण कुठल्यातरी माळावर चूल पेटवत असतो, आणि आपल्या हाताला माउस म्हणजे काय ते ठाऊक नसतं. ह्या विचारापाशी ती पूर्वीही अनेकदा येऊन थांबली होती आणि पुढं न जाता परत फिरली होती. आज समोर तो तपकिरी पडदा होता म्हणून परत फिरायला जागा नव्हती.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. मानसिंग दूध डेअरीत कामाला होता, शांत माणूस. भाकरी मोडत तो म्हणाला, "काढ की दोन डोळं आन् एक नाक. तितं अमेरिकेत कोन वळखतंय तिला?"

"मी वळखते की."

"तू तर म्हनतीस तोंड आठवत न्हाय."

त्याचं चुकलं नव्हतं. जे आठवत नाही त्याच्याशी खोटं कसं बोलणार? पण आठवत नसूनही, हे ते नव्हे, एवढं मात्र नक्की कळत होतं.

सुट्टीच्या दिवशी आठ बाय दहाचं एक प्रूफ पुठ्ठ्यात घालून ती निमगावच्या गाडीत बसली. आठ बाय दहात चित्र बसवताना आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. चार बाय सहा आणि वीस बाय तीस ही एका घरातली मापं, एकाच ठेवणीची. मधली तिन्ही जरा चौकोनी. लांबट चित्र त्यांत बसवायचं तर दोन्ही बाजूंनी थोडं कापावं लागतं. उजवीकडून मोकळा रस्ता कापला जात होता, त्याचं काही नव्हतं. डावीकडून झुंबर जेमतेम वाचत होती, तिच्या काखेतल्या कोकराचे मागचे पाय जात होते. गाडीत खिडकीशी बसून ती ते पाय जुळवत राहिली. बाहेर उसाच्या गाड्या, डाळिंबाच्या बागा, पुन्हा ऊस. माणूस सवयीनं कामाचाच विचार करतो. आईला काय विचारायचं, ते नाव तोंडातून कसं काढायचं, ह्याचा विचार तिनं गाव येईपर्यंत केला नाही.

तिची आई बानूबाई शेजारच्या पानमळ्यात कामाला गेली होती. शेवग्या-पांगाऱ्यांवर चढवलेल्या पानवेलींच्या खाली हिरवा, गार अंधार होता. तिथं ओल्या फडक्यावर ती विड्याची पानं एकावर एक लावत बसली होती. लेकीला बघून तिनं हात थांबवले नाहीत.

"आज कशी काय गं? जावाय बरं हायत न्हवं?"

"बरं हायत. आये, तुला एक दावायचं हाय."

बानूबाईनं हात पदराला पुसले. चित्र लांब धरलं, मग जवळ धरलं. बराच वेळ ती बघत राहिली. तिचं बोट कागदावर न टेकता वरून फिरत होतं, मेंढरांवरून, कुत्र्यावरून, घोड्यावरून.

"आमचंच हाय की हे. घोडं आपलंच हाय, पांढऱ्या पायाचं. ह्ये तुजं आबा. ही मी." मग ती हसली. "मी येवडी वाळल्याली हुते व्हय गं?"

"व्हतीस."

"आन् ही?"

रोहिणीनं नाव घेतलं. इतक्या वर्षांनी ते मोठ्यानं घेतलं, आणि पानमळ्यात काही झालं नाही. वेलींवरून पाणी ठिबकत होतं ते तसंच ठिबकत राहिलं.

बानूबाईचं बोट झुंबरवर थांबलं.

"हिला मागं कशापाय घातलीस?"

"म्हंजी?"

"झुंबर कवा मागं चालली? ती म्होरं असायची. समद्यांच्या म्होरं. रस्ता आला की गाड्या थांबवायला म्होरं कोन तरी लागतंच. तुजं आबा मागं, मी घोड्यापाशी, आन् ती म्होरं, हात वर करून. लई जोर हुता तिच्या हाताला. मोठमोठ्या गाड्या थांबायच्या."

रोहिणी ओल्या मातीवरच बसली. तिला एकदम सगळं नीट दिसलं, म्हणजे पूर्वीच दिसलेलं होतं ते पुन्हा दिसलं. घोड्याची मान, त्यापुढं मेंढरांच्या पाठी, पाठीच पाठी, आणि त्या सगळ्यांच्या पलीकडं, लांब, लाल परकर आणि वर गेलेला हात. वेणी. पाठ. रोज, सगळ्या वाटा, तिनं झुंबरची पाठच पाहिली होती. मग आपण तिला मागं का आणली? ते विचारायचीही गरज नव्हती. मागं ट्रक येत नाहीत. मागं आबा असतात. काढताना आपल्याला न विचारताच हातानं तिला उचलून तिथं नेऊन ठेवलं होतं, काखेत कोकरू देऊन, काम नसलेल्या जागी.

"आये, तिचं तोंड कसं हुतं?"

बानूबाईनं चित्र मांडीवर ठेवलं. "कसं म्हंजी? पोरीचं असतं तसं." ती थांबली. पुन्हा पानं लावायला लागली. एक पान सरळ, त्यावर दुसरं. "त्या दिशी मी तिला हाक मारली. रस्त्यात हुती ती. तिनं वळून बघितलं माज्याकडं. तवाच समोरून आली गाडी." पानावर पान. "तवाचं तोंड ध्यानात हाय. त्येच्या आधीचं एक बी न्हाय. लई येळा आठवून बघितलं, दुसरं काय येतच न्हाय. आन् हाक कशाला मारली हुती, ते बी आठवत न्हाय. काय तरी आसंल. घोड्याची दोरी सुटली आसंल, काय तरी."

रोहिणीनं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. बानूबाईनं तो काढला नाही, पण पानंही थांबवली नाहीत. ओल्या फडक्याला मातीचा वास येत होता. पानांची चळत पुरी करून बानूबाई म्हणाली, "तोंड नगं काढूस. म्होरं घाल तिला. ती म्होरं बघून चालली पायजे."

चित्र आईनं ठेवून घेतलं नाही. भाऊ सिद्धू घरी होता, त्याच्या बायकोनं चहा केला, कुणी काही विचारलं नाही. परतीच्या गाडीत रोहिणीला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. नुसतं डोकं रिकामं आणि हलकं झालं होतं, ताप उतरल्यावर होतं तसं. आईनं ते तोंड एवढी वर्षं एकटीनं बाळगलं, पानं लावता लावता, भाकरी थापता थापता, आणि आपण शाळेतली वही पुढं करून तिला अक्षरं दाखवत होतो. ह्यातलं कशाचंच आता काही करता येणार नव्हतं. चित्राचं करता येणार होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं झुंबरला मेंढरांच्या मागून काढलं. माउसनं धरलं की सगळी आकृती एकदम उचलली जाते, परकर, वेणी, कोकरू. तिनं कोकरू काढून घेऊन आईच्या हातात दिलं. झुंबरला सगळ्यांच्या पुढं, उजव्या कडेला, रस्त्याच्या मधोमध उभं केलं, पाठमोरी, उजवा हात वर. हाताची पाच बोटं पसरलेली. तोंड रस्त्याकडं. आपल्याला दिसते ती वेणी, आणि थोडी गालाची कड. गाडी तिनं काढली नाही. रस्ता मोकळा ठेवला, जितका मापात बसेल तितका.

राजवर्धनला ते आवडलं. "आता कसं! आता चित्र चाललंय कुठंतरी." पण मधल्या मापांचं काम निघाल्यावर तो डोकं खाजवायला लागला. "रोहिणीताई, आठ बाय दहात ही पोरगी कापली जातीय. अकरा बाय चौदातही अर्धी जातीय. आणि भाऊ म्हणतो, तिकडं जास्त खप ह्याच मापांचा."

"कापायची नाही."

"मग सगळं चित्र बारीक करून मधे बसवू? वर-खाली पांढरे पट्टे येतील."

"पट्टे नकोत. वर आभाळ वाढवते, खाली माळ वाढवते."

"तीन मापं म्हणजे तीनदा काढावं लागेल. कापणं एका मिनिटाचं काम आहे."

"काढते ना मी."

तिनं ते काढलं, जेवणाच्या सुट्टीत आणि पत्रिकांच्या मधल्या वेळात. आठ बाय दहाला खाली कुसळं आणि दगड, वर फिकट आभाळ. अकरा बाय चौदाला माळ थोडा कमी. सोळा बाय वीस मोठं, तिथं नुसतं आभाळ रिकामं वाटेल म्हणून लांबवर इंदापूरच्या बाजूची टेकाडं. प्रत्येक मापात ती झुंबरच्या वर गेलेल्या हातापासून कागदाच्या कडेपर्यंतची जागा बघायची आणि थोडी आणखी सोडायची. फ्रेम करणारा कडेचं थोडं झाकतोच. काम करताना तिला दुःख होत नव्हतं. उलट हाताला बरं वाटत होतं, अंथरूण नीट घालून दिल्यासारखं. सीडी भरली, पुठ्ठ्यात घातली, कुरियरवाल्याकडं दिली. चित्राखाली नाव काय टाकायचं असं राजवर्धननं विचारलं, तेव्हा तिनं स्वतःचं नाव सांगितलं, आणि चित्राचं नाव 'परतीची वाट'.

उन्हाळा लागला. मग एका सकाळी राजवर्धन ती यायच्या आधीच कॉम्प्युटरसमोर बसलेला दिसला.

"आलं! पहिलं गिऱ्हाईक. वीस बाय तीस मागतंय." तो पडद्यावरचं वाचून तिला मराठीत सांगायला लागला. कुणी बाई होती, तिकडच्या थंड गावातली. तिला चित्र फार आवडलं होतं. मेंढ्या आवडल्या, आभाळ आवडलं. तिच्या जेवणघरात लावायचं होतं. फक्त एक विनंती होती. "ती म्हणते, पुढच्या मुलीला मागं वळवता येईल का? म्हणजे तिचा चेहरा दिसेल. चेहरा दिसला तर चित्र पूर्ण होईल." राजवर्धन वळला. "मी भावाला सांगतो, होईल म्हणून. तिचं तोंड काढायचं राहिलंच होतं नाहीतरी."

"नाही."

"अहो, वीस बाय तीस आहे."

"नाही वळवायची, दादा."

"का पण? तीन-तीनदा आभाळ काढत बसला होतात. हे तर त्याच्या मानानं काहीच नाही."

रोहिणी त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसली. बाहेर कुणीतरी पत्रिका न्यायला आलं होतं, त्याला राजवर्धननं हातानं थांब म्हणून खूण केली.

"ती माझी बहीण आहे," ती म्हणाली. "आईनं हाक मारली म्हणून वळली, आणि गाडीखाली गेली. इंदापूरच्या अलीकडं."

राजवर्धननं पडद्यावरची ती इंग्रजी अक्षरं पुन्हा एकदा वाचली, मग उत्तर लिहायची खिडकी उघडली. बोटं बटनांवर ठेवली.

"काय लिहू?"

"लिहा, वळवता येणार नाही. तिचं लक्ष रस्त्यावर आहे."

त्यानं तसंच लिहिलं, इंग्रजीत, एकच ओळ, आणि खाली तिचं नाव. फोनची तार जोडली. मशीन किरकिरलं, लाइन लागली, आणि ते गेलं. मग तो उठून पत्रिकावाल्याकडं गेला.

त्या बाईनं वीस बाय तीस घेतलं नाही. बरेच दिवस तिचं काही उत्तरच आलं नाही. मग राजवर्धनच्या भावाचा निरोप आला की तिनं आठ बाय दहा मागवलं, आहे तसं, आणि पोचलंही.

पुढच्या खेपेला निमगावला गेली तेव्हा रोहिणीनं आईला सांगितलं. बानूबाई पानमळ्याच्या कडेला वेलींना पाणी देत होती, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात खोरं.

"आये, झुंबर अमेरिकेला गेली."

बानूबाईनं एका वाफ्याचं तोंड मोडलं, पाणी आत वळवलं, दुसरं बुजवलं.

"येकलीच?"

"न्हाय. समदी हायत संगं. आबा हायत, तू हायस, मेंढरं हायत, पांढऱ्या पायाचं घोडं हाय."

"म्होरं कोन हाय?"

"तीच हाय."

पाणी वाफ्यात शेवटापर्यंत गेलं का, ते बानूबाईनं मान लांब करून बघितलं.

"मग बरं," ती म्हणाली.